जुना मार, आजची अर्धशिशी

डोक्याला मार बसायला भाईंदर पूर्वेत निमित्तं कमी नाहीत: विरारहून भरून आलेल्या लोकलच्या दारातली रेटारेटी, पावसात घसरलेली दुचाकी, गाळ्यातल्या माळ्यावरून तोल जाणं. चार टाके पडतात, सीटी स्कॅन नॉर्मल येतो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पुढे कित्येक महिने अर्धं डोकं ठणकत राहिलं, उजेड सोसेना, मळमळू लागलं, की तोच रिपोर्ट त्या माणसाच्या तोंडावर फेकला जातो: यात काही नाही, मग दुखतं कसं? हा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो. सीटी काढतात ती मुख्यतः रक्तस्राव आणि हाडाची मोड पाहायला; धक्क्याने ताणलेले मेंदूतले सूक्ष्म तंतू तिच्यात बहुधा दिसतच नाहीत. अशा डोकेदुखीच्या रुग्णांना डेन्मार्कमधल्या संशोधकांनी सीजीआरपी हे द्रव्य शिरेतून दिलं, तेव्हा अनेकांना अर्धशिशीसारखा झटका आला. नेहमीच्या अर्धशिशीतही याच द्रव्याचा हात असतो. दुखणं मनाचं नाही, याला आणखी काय पुरावा हवा?

म्हणून आयुष्यभराच्या डोकेदुखीचं खापर त्या एका अपघातावर फोडावं, असंही नाही. मारानंतर साधारण सात दिवसांत सुरू झालेली डोकेदुखीच डॉक्टर त्या माराशी जोडतात, आणि तीन महिन्यांपुढे टिकली तर तिला दीर्घकालीन म्हणतात. बहुतेकांची त्याआधीच थांबते. ज्यांची थांबत नाही, त्यांच्या बाबतीत मार सुरुवात करून देतो आणि रोजचं जगणं ती चालू ठेवतं, असं माझं मत आहे. आईला अर्धशिशी असते, त्याच मारात मानही दुखावलेली असते, पाळीच्या कामात झोप तुटते. आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या! साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा दिवस, मिश्र गोळी दहा दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळीच डोकं दुखवू लागते. गोळी न घेता कामावर जायचं कसं, हा आक्षेप खोटा नाही. हजेरी बुडाली की पगार कापला जातो. पण झटके कमी करणारी प्रतिबंधक औषधं वेगळी असतात. ती न्यूरॉलॉजिस्टकडून मिळतात, आणि ओपीडीत जाताना झटक्यांच्या नि गोळ्यांच्या तारखा कॅलेंडरवर मांडून नेल्या तर डॉक्टरांना निदान सोपं जातं. म्हातारपणी मात्र वाट पाहू नये: किरकोळ पडण्यानंतर काही आठवड्यांनी डोकेदुखी वाढत गेली, बोलणं अडखळलं, एक पाय ओढू लागला, तर कवटीखाली हळूहळू रक्त साठलेलं असू शकतं, आणि तेव्हा पहिला स्कॅन नॉर्मल असला तरी दुसरा त्याच दिवशी करायला हवा.