बिब्बा उतला तेव्हा

हदगावच्या आमच्या आत्याचा बिब्ब्यावर फार भरवसा. सोयाबीनच्या काढणीत टाचेत धसकट घुसलं, तसा तिने सुईला बिब्बा टोचला, दिव्यावर धरला आणि त्याचं काळं तेल जखमेवर टिपलं. ठणका कमी झाला. तिसऱ्या दिवशी मात्र घोट्याभोवती पाण्याचे फोड उठले, पोटरी लाल झाली, पापण्या सुजल्या.

"बिब्बा उतला," शेजारणी म्हणाल्या. कुणी खोबरं चावून लावायला सांगितलं. आत्याला पटेना. "आगं, आजवर कितीदा लावला. अन् परवा लावलेला आज कसा उतंल?"

तिच्या शंकेचं उत्तर नांदेडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी दिलं. बिब्ब्याच्या तेलातल्या भिलावनॉल या द्रव्याची ओळख शरीराच्या संरक्षक पेशींना आधीच्या वापरांत हळूहळू होते, तेव्हा काही जाणवतही नाही. एकदा ते नकोसं ठरलं, की पुढच्या स्पर्शानंतर पेशी तिथे धावून येतात. त्याला एक-दोन दिवस लागतात, म्हणून खरं कारण विसरायला होतं. पापण्यांवर ते तेल बोटांनी पोचलं होतं. तिथली कातडी पातळ, म्हणून सूज जास्त. फोडातल्या पाण्याने हा त्रास पसरत नाही, हेही तिला तिथेच कळलं.

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांनाही बिब्ब्याने असंच छळलं होतं. धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करत, आणि धुतलेल्या कपड्याची खूण जिथे टेकेल तिथे कातडी पेटे. 1943 मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी त्यावर लिहिलंही.

आत्याला स्टिरॉइडच्या गोळ्या आणि मलम मिळालं, डोस हळूहळू कमी करायचा होता. फोडांवर थंड पाण्याच्या घड्या. मेडिकलमधून मनाने ट्यूब आणायची नाही, फोड फोडायचे नाहीत, खोबरं-हळद काही लावायचं नाही. तेल अंगाला लागलंच, तर लगेच साबणाने धुऊन कपडे बदलायचे.

शेतात राबणाऱ्यांच्या पापण्या, मान, कोपराच्या खाचा सुजल्या, तर गाजर गवताचाही संशय घ्यावा लागतो. नेमकं काय सोसत नाही, ते पॅच टेस्टने कळतं: पाठीवर पट्ट्या चिकटवतात, 48 तासांनी काढतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा कातडी तपासतात.

आंबा आणि काजू बिब्ब्याच्याच कुळातले. त्यामुळे लोणच्याच्या कैऱ्यांचे देठ आता सून मोडते. चीक धुतला गेल्यावरच आत्या विळी घेऊन फोडी करायला बसते.