रत्नागिरीचा अठ्ठेचाळीस तासांचा जागर

सन २०२४ च्या नोव्हेंबरांत आम्हांस रत्नागिरीस जाण्याचा योग आला. आमचा पुतण्या तेथें नोकरीस आहे. हौशी रेडिओचा त्यास विद्यार्थिदशेपासून नाद; सरकारी परीक्षा देऊन त्यानें रीतसर परवानाही मिळविलेला आहे. दिवाळीनंतर त्याचा फोन आला. "काका, तेवीस तारखेला शनिवारीं पहाटे साडेपांचाला एक जागतिक स्पर्धा सुरू होते, ती सोमवारीं पहाटे साडेपांचाला संपते. तुम्हीं जन्मभर परीक्षा घेतल्यात. ही एक परीक्षा बघायला या." सेवानिवृत्त शिक्षकास परीक्षेचें आमंत्रण म्हणजे ब्राह्मणास लाडवांचेंच आमंत्रण! आम्हीं तत्काळ होकार दिला.

शुक्रवारीं सकाळीं पुण्याहून एस्. टी.नें निघालों. कऱ्हाड, मलकापूर मागें टाकून आंबा घाट उतरूं लागलों, तेव्हां उन्हें कलतीं झालीं होतीं. घाटाखालीं आलें कीं हवेचा स्पर्शच बदलतो. देशावरची कोरडी थंडी अंगावरून गळून पडते आणि तिच्या जागीं दमट उबारा येतो. भातकापणी उरकून खाचरें उघडीं पडलीं होतीं. रत्नागिरी आम्हीं पूर्वीं पाहिलेली होती. लोकमान्यांचें जन्मस्थान, रत्नदुर्गावरील भगवतीचें देऊळ आणि ब्रह्मदेशच्या पदच्युत थिबा राजाचा राजवाडा हीं स्थळें पाहुण्यांस हटकून दाखवितात. तो राजा या गांवीं सुमारें तीस वर्षें बंदिवासांत राहून १९१६ सालीं येथेंच वारला. ज्या गांवीं एका राजास असें एकाकी दिवस कंठावे लागले, त्याच गांवीं आमचा पुतण्या घरीं बसून परद्वीपस्थांशीं बोलतो, हा कालाचा महिमा म्हणावयाचा!

पुतण्याचें घर पांढऱ्या समुद्राच्या बाजूस उतारावर आहे. अंगणांतील दोन माडांमध्यें सुमारें वीस मीटर लांबीची तांब्याची तार ताणलेली होती. सात मेगॅहर्ट्‌झच्या लहरीची लांबी चाळीस मीटरांच्या आसपास. तार तिच्या निम्म्यानें लागते. "एवढी सुरेख दोरी, पण तीवर एक पंचा वाळत घालूं देत नाहींत," अशी सूनबाईंनीं आमच्यापाशीं तक्रार नोंदविली. आंतल्या खोलींत एक यंत्र, एक संगणक, चिमट्यासारखी दोन पातींची एक कळ आणि दोन हेडफोन, एवढाच पसारा. यंत्राची शक्ति १०० वॅट, म्हणजे पूर्वीं दिवाणखान्यांत लावीत त्या पिवळ्या दिव्याइतकी. एवढ्या बळावर जगभर हांक मारावयाची!

ही हांक तोंडानें मारावयाची नव्हती. स्पर्धा मोर्स लिपीची होती. आपल्या देशांतील तारसेवा १४ जुलै २०१३ रोजीं बंद झाली. परंतु तारेची ही भाषा हौशी लोकांनीं जिवंत ठेविली आहे. आम्हांस ती ऐकतांच पिंगलाच्या छंदःशास्त्राची आठवण झाली. मोर्सचा बिंदु तो आपला लघु आणि रेघ तो गुरु. एक भेद मात्र आहे. आपला गुरु दोन मात्रांचा, मोर्सची रेघ तीन बिंदूंएवढी लांब. म्हणजे मात्रांच्या हिशेबानें ती प्लुतच ठरते. शुक्रवारीं रात्रीं जेवणानंतर आम्ही लघुगुरु मांडीत बसलों आणि सव्वीस अक्षरांपैकीं निम्मीं तरी कानास ओळखतां येऊं लागलीं. तीन लघु म्हणजे एस्, चार लघु म्हणजे एच्. वाचकांनीं हीं दोन अक्षरें ध्यानांत ठेवावीं.

नंतर पुतण्यानें स्पर्धेचे नियम सांगितले. ही स्पर्धा एका अमेरिकन मासिकानें दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू केली. मोर्सची स्पर्धा नोव्हेंबरांतील शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारीं असते. सगळ्या जगाचें घड्याळ एकच, तें ग्रीनिचचें; त्याची मध्यरात्र म्हणजे आपली पहाट. पृथ्वीचे चाळीस विभाग केलेले असून आपला देश बाविसाव्यांत मोडतो. सहा निरनिराळ्या लहरीपट्ट्यांवर जितक्या स्थानकांशीं संपर्क होईल तितका करावयाचा. प्रत्येक संपर्कांत दोघांनीं परस्परांचें संकेतनाम घ्यावयाचें, आवाजाचा दर्जा कळवावयाचा आणि आपला विभाग सांगावयाचा. तें सर्व वेळेसह वहींत उतरलें म्हणजे संपर्क पुरा झाला. ही वही अर्थात् संगणकांत असते.

दर्जा तीन अंकांत देतात: सुबोधता पांचांपैकीं, जोर नवांपैकीं, स्वराची शुद्धता नवांपैकीं. दुसऱ्या दिवशीं आम्हीं पाहिलें तों काय! ज्याचा आवाज विहिरींतून आल्यासारखा खोल त्यालाही ५९९, आणि ज्याचा कानठळ्या बसविणारा त्यालाही ५९९. सर्वांस पैकींच्या पैकीं! इतकी सढळ तपासणी आम्हीं उभ्या नोकरींत केली नव्हती. आम्हीं निषेध नोंदवितांच पुतण्या म्हणाला, "काका, पत्राच्या आरंभीं तुम्ही 'साष्टांग नमस्कार' लिहितां, तेव्हां खरोखर जमिनीवर पालथे पडतां काय?" या उत्तरावर आम्हांस गुण देणें भाग पडलें.

गुणांची पद्धति मात्र मोठी मार्मिक आहे. परखंडांतील स्थानकाशीं बोललें तर तीन गुण. आपल्याच खंडांतील परदेशाशीं बोललें, उदाहरणार्थ जपानशीं, तर एकच गुण. आणि स्वदेशबांधवाशीं बोललें तर शून्य! घरच्या माणसाशीं बोलण्यास किंमत नाहीं, हा अनुभव संसारांतही येतोच. परंतु गंमत पुढेंच आहे. प्रत्येक पट्टीवर जो जो नवा देश आणि जो जो नवा विभाग मिळेल, त्याचा एकेक गुणक धरतात, व अखेरीस गुणांच्या बेरजेस गुणकांच्या बेरजेनें गुणतात. समजा, गुण २,००० आणि गुणक १५० झाले, तर फळ ३,००,०००. आतां एकच नवा गुणक मिळाला, तर फळांत २,००० हून अधिक भर पडते. म्हणून एखाद्या दूरच्या बेटाचा क्षीण आवाज कानीं पडला कीं स्पर्धक धांवतो. शून्य गुणाचा स्वदेशही गुणक म्हणून एकदां उपयोगीं पडतोच.

"पण खोट्या नोंदी केल्या तर?" आम्हीं शिक्षकी प्रश्न केला. त्याचें उत्तर ऐकून आम्ही थक्क झालों. स्पर्धा संपल्यापासून पांच दिवसांच्या आंत सर्वांनीं आपापल्या वह्या धाडावयाच्या असतात. मग संगणक प्रत्येक वही इतरांच्या वह्यांशीं ताडून पाहतो. संकेतनामांत एक अक्षर जरी चुकलें, तरी तो संपर्क रद्द होतो आणि वर दंडादाखल आणखी गुण कापले जातात. समोरच्याच्या वहींत आपलें नांवच नसेल तरी तीच गत. आपल्या पूर्वजांनीं वेदाक्षरें राखण्यासाठीं पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ रचिले. तींच पदें पुढून मागें व मागून पुढें म्हणतांना स्वर चुकला कीं तो तेथल्या तेथें उघडा पडे. येथेंही युक्ति तीच. साक्षीदार एक न ठेवतां दोन ठेवावयाचे.

आणखी दोन नियम पुतण्यानें बजावले. तो एकट्याच्या गटांत उतरला होता. त्या गटांत ऐकणें, पाठविणें, लिहिणें सर्व एकट्यानेंच करावयाचें. "तुम्ही दुसरा हेडफोन लावून खुशाल ऐका, पण मला एक अक्षरही सांगायचें नाहीं." दुसरा नियम असा कीं, स्पर्धा संपल्यानंतर वहींतील एकही अक्षर बदलावयाचें नाहीं.

शनिवारीं पहाटे साडेपांचास स्पर्धा सुरू झाली. कानांत एकदम पाखरांचा थवा उठावा तसा कलकलाट झाला. युरोपांत त्या वेळीं रात्र. सात मेगॅहर्ट्‌झवर तिकडचीं स्थानकें दाटीनें बोलत होतीं. दिवस वर आला तशी पुतण्यानें पट्टी बदलली. त्या वर्षीं सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्राचा भर होता, त्यामुळें अठ्ठावीस मेगॅहर्ट्‌झची पट्टी उत्तम चालत होती. सकाळीं जपान, दुपारीं युरोप, सायंकाळीं अमेरिका. त्याच दिवशीं महाराष्ट्रांत विधानसभेची मतमोजणी होती. गांवांत फटाके, गुलाल आणि ढोल. आमच्या खोलींत मात्र निराळीच मोजणी. सूनबाई चहा ठेवून जात, तो निवून जाई. आम्ही दुपारीं रीतसर वामकुक्षी घेतली. पुतण्यानें दोन दिवसांत मिळून पांच तासही झोंप घेतली नसेल.

रविवारची रात्र उलटून दोन वाजले होते. समुद्राची गाज तेवढी ऐकूं येत होती. इतक्यांत आफ्रिकेकडील एका लहान बेटाचें स्थानक हलक्या आवाजांत उमटलें. पुतण्या सरसावला. दोनतीन प्रयत्नांनीं त्याचा नंबर लागला, आणि त्यानें झरझर संकेतनाम टंकलें. शेवटचें अक्षर त्यानें एस् लिहिलें. आम्हीं ऐकले होते ते चार लघु, म्हणजे एच्! आमचा हात आपोआप वर झाला. पण नियम आठवला. शिवाय दोन दिवसांच्या विद्यार्थ्याच्या कानाचा भरंवसा तो काय? हात खालीं आला. पुतण्या नव्या गुणकाच्या आनंदांत दुसऱ्या स्थानकाकडे वळला होता.

सोमवारीं साडेपांचास सारें शांत झालें. चहा पितांना पुतण्या वही चाळीत होता, तो एकाएकीं थबकला. "काका, फसलों. त्या बेटावर कोण बोलणार हें महिन्यापूर्वींच जाहीर झालें होतें. शेवटचें अक्षर एच् आहे." मग आम्हांस राहवलें नाहीं. आम्हींही चार लघु ऐकल्याचें सांगितलें. तो हंसून म्हणाला, "बोललां नाहींत, हें बरें केलेंत."

"पण आतां दुरुस्त करावयास काय हरकत?" आम्ही म्हणालों. "संपर्क खरोखर झाला, बेट खरें, आणि बरोबर अक्षर तुला ठाऊक आहे. खऱ्यासाठींच खोडावयाचें आहे ना?"

पुतण्यानें मान हलविली. "ही वही खरें काय होतें याचा दाखला नव्हे, काका, मीं काय ऐकलें याचा आहे. मीं एस् ऐकला. आतां एच् लिहिला तर अक्षर खरें होईल, पण नोंद खोटी होईल." आणि त्यानें वही होती तशीच धाडून दिली.

आम्ही उठून समुद्रावर गेलों. वाचक हो, आमच्या अस्वस्थतेचें कारण निराळेंच होतें. सन १९८८ मध्यें आठवीच्या वार्षिक परीक्षेंत आम्हीं एका मुलाचे संस्कृतचे गुण निकालपत्रकांत ४१ च्या जागीं १४ असे लिहिले. तो मुलगा नापास झाला. मे महिन्यांत पेपरांचे गठ्ठे बांधतांना चूक ध्यानांत आली. आम्हीं वरिष्ठांस सांगितलें. ते म्हणाले, "पत्रक मंजूर झालें, आतां खाडाखोड नको." आणि आम्ही गप्प बसलों. मुलगा पुन्हां त्याच वर्गांत, आमच्याच समोर, पहिल्या बांकावर बसूं लागला. त्या वर्षीं त्यास संस्कृतांत उत्तम गुण मिळाले. "नापास झाल्यानें सुधारला," असें शिक्षकांच्या खोलींत कोणी म्हणालें. आम्ही तेथेंही गप्प राहिलों.

मंजूर वहींत खाडाखोड करूं नये, या नियमाचा आम्हीं छत्तीस वर्षें आसरा घेतला होता. नियम पुतण्यानेंही तोच पाळला. परंतु त्याच्या वहींतील चूक त्याची होती आणि तोटाही त्याचाच होता. आमच्या पत्रकांतील चूक आमची, आणि तोटा दुसऱ्याचा. त्याची वही कानांची साक्ष होती. आमचें पत्रक एका मुलाच्या वर्षभराच्या श्रमांचा हिशेब होता. साक्ष बदलूं नये. हिशेब चुकला तर तो उघडपणें, खालीं सही करून, दुरुस्त केलाच पाहिजे. हें चाळिशींतील पुतण्यास कळलें, तें आम्हांस तिशींत कळूं नये!

पुण्यास परततांच आम्हीं एका जुन्या विद्यार्थ्याकडून त्या मुलाचा पत्ता मिळविला. तो आतां पन्नाशीच्या घरांत आहे. त्यास पत्र लिहिलें: परीक्षेचें वर्ष, विषय, तुझे खरे गुण ४१, चूक कोणाची, आणि ती कळूनही आम्ही गप्प राहिलों हें. खालीं पूर्ण सही केली.

पुढें कांहीं महिन्यांनीं स्पर्धेच्या तपासणीचा तपशील पुतण्याकडे आला. अपेक्षेप्रमाणें ती नोंद रद्द झाली होती, दंडही बसला होता. त्यानें तो कागद आम्हांस मुद्दाम धाडला. आमच्या पत्रास अद्याप उत्तर आलेलें नाहीं. तें यावेंच असा आमचा हक्कही नाहीं. मात्र ते ४१ गुण आतां आम्हां दोघांस ठाऊक आहेत.