कतारगामचा मुक्काम

सुरत शहराच्या उत्तरेस, तापीच्या कुशीत कतारगाम वसले आहे. उंधियूत पडणाऱ्या येथील पापडीची कीर्ती मोठी. आज मात्र हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने ही त्याची खरी ओळख.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मुलाबाळांसह वसईहून जुन्या पिकअप गाडीने तेथे गेलो. वाटेत प्रत्येक खड्ड्यागणिक पुढील चाकातून खटखट ऐकू येई. गॅरेजवाले गृहस्थ खानदेशी निघाले. त्यांनी खालच्या आर्मखाली जॅक लावून चाक अधांतरी केले व वर-खाली धरून हलविले. चाक डुगडुगले!

"दादा, बॉल जॉइंट गेले. सांधा निखळला तर चाक आडवे होईल."

मनुष्याच्या खांद्यासारखाच हा सांधा : खोबणीत फिरणारा गोळा. वरचे रबर फाटले की ग्रीस निघून जाते, धूळ-पाणी शिरते आणि तो झिजतो.

त्याच रात्री परतण्याचा आमचा हट्ट त्या एका वाक्याने गळाला. स्प्रिंगचा जोर मोठा. म्हणून गाडी घोडीवर ठेवून, आर्मखालचा जॅक न काढता त्यांनी काम केले. दोन्ही बाजूंचे सांधे बदलले, नट मापाने कसले, कॉटर पिना नव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करून आम्ही निघालो.

वाचकहो, हिऱ्याची पारख आम्हांस नाही. पण खटखटीची हाक वेळीच ऐकावी, एवढे शहाणपण आम्ही कतारगामहून आणले.