‘कोरोना योद्धा’ हा निबंध आणि आमच्या घरच्या मावशी



परीक्षा जवळ आली की निबंधांची शोधाशोध सुरू होते. ‘कोरोना योद्धा’ हा त्यातलाच एक विषय. २०२० साली तो आपल्या वह्यांमध्ये आला आणि अजून गेलेला नाही. मीही तो माझ्या वर्गाला लिहायला दिला होता. आज त्या निबंधाबद्दलच लिहायचं आहे, पण जरा वेगळं. कुणाला तयार निबंध हवा असेल तर आधीच माफी मागते.

एप्रिल २०२० मधली गोष्ट. शाळा बंद, पण शिक्षण सुरू असं आपण सगळेच म्हणत होतो. माझ्याकडे तेव्हा तिसरीचा वर्ग होता. अठ्ठावीस मुलं, त्यातली अकरा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. मी ग्रुपवर टाकलं, ‘कोरोना योद्धा या विषयावर दहा ओळी लिहा आणि फोटो पाठवा.’ नऊ फोटो आले. नऊही जवळपास सारखेच. डॉक्टर, नर्स, पोलीस, सफाई कामगार हे आपले योद्धे आहेत, ते जिवाची पर्वा न करता लढत आहेत, आपण त्यांना सलाम करू या. मी सगळ्यांना अंगठा आणि चांदणी पाठवली. अक्षर छान, विचार छान!

हे मी आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून करत होते. मागच्या खोलीत सासूबाई होत्या आणि त्यांच्याजवळ मावशी.

सासूबाईंना २०१९ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी शाळेत, मिस्टर नोकरीवर. शाळेच्याच गावातल्या एक बाई सांभाळायला तयार झाल्या. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. वयाने त्या माझ्याएवढ्याच, तरी आम्ही त्यांना ‘मावशी’च म्हणायचो. या कामाला ते नावच पडून गेलं आहे. सकाळी आठला वडापने यायच्या, रात्री आठला जायच्या. महिन्याला नऊ हजार.

२२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. संध्याकाळी पाच वाजता आम्ही गॅलरीत थाळ्या वाजवल्या. मावशीही आमच्याबरोबर उभ्या होत्या, त्यांच्या हातात आमचंच ताट होतं. दोन दिवसांनी रात्री टाळेबंदी जाहीर झाली. वडाप बंद, एसटी बंद. आम्ही मावशींना म्हणालो, ‘काही दिवस इथंच राहा. एकवीस दिवसांचा तर प्रश्न आहे. जेवणखाण आपल्याकडेच आहे, तुम्ही घरच्यासारख्याच आहात.’

त्या राहिल्या. एकवीस दिवसांचे दोन महिने झाले.

आता हिशेब सांगते, कारण या लेखात तोच महत्त्वाचा आहे. बारा तासांचं काम चोवीस तासांचं झालं. पगार नऊ हजारांचा दहा हजार केला. ‘रात्री तर झोपायचंच आहे’ हे वाक्य माझं आहे, दुसऱ्या कुणाचं नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे रात्री अकरा, एक, तीन, पाच. मावशींची सतरंजी कॉटला लागूनच होती. दोन महिन्यांत त्यांना एकही सुट्टी मिळाली नाही. सुट्टी घेऊन जाणार कुठं, असं आम्ही धरूनच चाललो होतो. रात्री नऊला शेजारणीच्या फोनवरून त्यांची मुलगी बोलायची. मावशी हळू आवाजात सांगायच्या, ‘आजीला त्रास देऊ नको. वेणी घालून घेत जा.’ मी पुढच्या खोलीत दुसऱ्यांच्या मुलांचा अभ्यास तपासत असायचे.

माझी थोरली बहीण पुण्यात एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. तिची त्या काळातली गोष्टही इथं सांगायला हवी. तिने मुलाला आमच्या आईकडे गावी पाठवलं होतं. पीपीई किट एकदा घातलं की ड्युटी संपेपर्यंत काढायचं नाही, कारण दुसरं मिळेल याची खात्री नसायची. म्हणून ती ड्युटीच्या आधी दोन तास पाणी प्यायची नाही. काही जणी डायपर लावून जायच्या. चष्म्यावर वाफ धरलेली, हातात मोज्यांच्या दोन जोड्या, आणि त्यातून म्हाताऱ्या माणसाची बारीक शीर शोधून सलाईन लावायचं! सगळ्याच सारख्या दिसायच्या, म्हणून किटवर स्केचपेनने नाव लिहायच्या.

अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असं प्रमाण सांगितलं जातं. ताईच्या वॉर्डात रात्री दोघी आणि रुग्ण चाळीसच्या आसपास. त्यात नातेवाइकांना आत बंदी. एरवी आपल्या रुग्णालयांतलं निम्मं काम नातेवाईकच करतात. भरवणं, लघवीचं भांडं देणं, केस विंचरणं, ‘काही होत नाही’ म्हणून पाठीवर हात ठेवणं. ते सगळं आता सिस्टरांवर आलं. घरच्यांशी शेवटचं बोलणं व्हावं म्हणून ताईने कितीतरी आजीआजोबांच्या तोंडासमोर फोन धरला होता. ते सांगताना ती फार बोलत नाही, विषय बदलते.

आणि ड्युटी संपवून खोलीवर आली की घरमालक म्हणायचे, ‘सिस्टर, दुसरीकडे सोय बघा ना.’ त्याच घरमालकांनी २२ मार्चला थाळी वाजवली होती. तेव्हा अशा तक्रारी जागोजागी होत होत्या. आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले इतके वाढले की केंद्र सरकारला २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढावा लागला. गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कैद. हा अध्यादेश ज्या कायद्यात दुरुस्ती करणारा होता, तो साथरोग कायदा १८९७ चा, प्लेगच्या साथीतला. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी स्वतः उचलून मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात नेलं आणि त्यांनाच लागण झाली. आपण ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या शाळेबद्दल भरभरून बोलतो. त्यांचा शेवट रुग्णसेवेत झाला, हे मुलांना एका वाक्यात सांगून पुढे जातो. मीही तसंच करत आले होते.

२०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला त्या वर्षी १२ मे रोजी दोनशे वर्षं झाली. त्या दिवशी मी ताईला फोन केला आणि उत्साहाने म्हणाले, ‘ताई, तुम्ही खरे योद्धे गं!’ ती दमलेली होती. म्हणाली, ‘योद्धा नको म्हणू. योद्धा म्हटलं की मेला तरी लोकांना चालतं. आम्हाला अजून चार जणी द्या आणि आठवड्याची सुट्टी द्या.’ मला तेव्हा थोडा राग आला. आपण कौतुक करतोय आणि ही अशी बोलते!

जुलैमध्ये नवीन पाठ्यपुस्तकं वाटायला मी घरोघरी गेले. मावशी तोपर्यंत घरी जाऊन पुन्हा रोजच्या रोज यायला लागल्या होत्या. त्यांच्या मुलीने जुनी वही आणून दाखवली. मोबाईल नसला तरी मैत्रिणीकडून विषय विचारून तिने निबंध लिहिला होता. तो असा :

‘डॉक्टर नर्स पोलीस हे कोरोना योद्धा आहेत. माझी आई बाईंच्या घरी आजीला सांभाळते. ती दोन महिने आली नाही. आई योद्धा आहे का ते मला माहीत नाही. बाईंना विचारायचे आहे.’

खाली तपासल्याची सही करायला तिने जागा सोडली होती. माझ्या हातात लाल पेन होता. मी सही केली आणि ‘छान’ लिहिलं. उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. योद्धा म्हणावं तर योद्ध्यांच्या कुठल्याच यादीत त्या नव्हत्या. रुग्णालयातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी पन्नास लाखांचा विमा जाहीर झाला होता. घरोघरी म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बायकांचा त्यात विचार नव्हता. आणि घरच्यासारख्या म्हणावं, तर घरच्या माणसाला आपण दोन महिने लेकरापासून लांब ठेवलं असतं का?

लसीच्या वेळी हे आणखी स्पष्ट झालं. १६ जानेवारी २०२१ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना लस सुरू झाली, ताईला मिळाली. सर्वेक्षणाच्या ड्युटीमुळे मलाही लवकर मिळाली. १ मार्चपासून साठ वर्षांवरच्यांना सुरू झाली. सासूबाईंना रिक्षातून केंद्रावर नेलं. मावशींनी त्यांना दोन्ही हातांनी उचलून खुर्चीवर बसवलं, पदर सावरला, दंड धरून ठेवला. लस सासूबाईंना मिळाली. मावशी अडतीस वर्षांच्या, त्यांचा नंबर अजून नव्हता. रोज सासूबाईंच्या तोंडात घास घालणारी बाई लसीशिवाय परत आली. नियम सरकारचे होते, मान्य. पण ही गोष्ट तेव्हा आमच्या लक्षातसुद्धा आली नाही.

एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत मावशींना ताप आला. तपासणीत कोरोना निघाला. त्यांना कोविड सेंटरला नेलं आणि आमच्या घरात पहिलं वाक्य निघालं, ‘आता आईंचं कोण करणार?’ दुसरं निघालं, ‘बाहेरून घेऊन आल्या असतील.’ वर्षभर आम्ही मावशींना दारातच हात धुवायला लावायचो, साडी बदलायला लावायचो. आम्ही दोघं मात्र गावभर फिरत होतो, मी तर घराघरांत सर्वेक्षणाला जात होते. आमच्यामुळे मावशींना होईल, हा विचार एकदाही आमच्या मनात आला नव्हता.

ते सतरा दिवस मी सासूबाईंचं सगळं केलं. रात्री अकरा, एक, तीन, पाचचा गजर लावून. चौथ्या दिवशी कंबर धरली. सहाव्या दिवशी त्यांनी घास थुंकला तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. त्या बोलू शकत नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मावशींना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. मुलांना समजून घेण्याबद्दल डी.एड.ला दोन वर्षं शिकलेली मी, सहा दिवसांत संपले. मावशींनी हे दोन महिने सलग केलं होतं.

महिना संपला तेव्हा सतरा दिवसांचे पैसे कापायचे का, याची आमच्याकडे चर्चा झाली. कापले नाहीत. पण चर्चा झाली, हेही इथं लिहून ठेवते.

मावशी बऱ्या होऊन आल्यावर आम्ही बसून बोललो. आठवड्याला एक सुट्टी, आजारपणाची पगारी रजा, रात्री थांबावं लागलं तर त्याचे वेगळे पैसे. मी म्हणाले, ‘मावशी, टाळेबंदीत आमचं चुकलं.’ त्या म्हणाल्या, ‘बाई, तुमची पण अडचण होती.’ थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘पण पोरगी लई रडायची हो.’ त्या दोन महिन्यांचा फरक मी नंतर हिशेब करून दिला. त्यांनी तो मोजून घेतला. बरं वाटलं मला, त्यांनी ‘राहू दे’ म्हटलं नाही म्हणून.

पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. मावशी आता दुसऱ्या एका आजोबांना सांभाळतात. त्यांची मुलगी हायस्कूलला आहे.

मित्रांनो, ‘योद्धा’ आणि ‘घरच्यासारख्या’ हे दोन्ही शब्द मी मनापासून वापरले होते. पण त्या शब्दांच्या मागे मी तास, पगार आणि सुट्टी हे तीन प्रश्न झाकून ठेवले. लढणाऱ्याला आपण विचारत नाही, जेवलास का? घरच्या माणसाला विचारत नाही, किती देऊ? कामावरच्या माणसाला मात्र हे दोन्ही विचारावं लागतं.

आता मी चौथीला हा निबंध असा देते. आधी मुलांनी घरी, शेजारी किंवा दवाखान्यात एका माणसाला भेटायचं. सिस्टर, आशाताई, आया, वॉर्डबॉय, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या मावशी, कुणीही चालेल. पाच प्रश्न विचारायचे :

१. तुमचं काम किती वाजता सुरू होतं, किती वाजता संपतं?
२. दिवसभरात बसायला कधी मिळतं?
३. सुट्टी कधी असते?
४. तुम्ही आजारी पडलात तर तुमचं काम कोण करतं आणि तुमची काळजी कोण घेतं?
५. आम्ही काय केलं तर तुमचं काम थोडं हलकं होईल?

मग दहा ओळी. ‘सलाम’ आणि ‘जिवाची पर्वा न करता’ हे शब्द वापरायचे नाहीत, एवढीच अट. निबंध पूर्वीसारखे गुळगुळीत येत नाहीत, पण सारखेही येत नाहीत. मागच्या वर्षी एका मुलाने लिहिलं, ‘आत्याला रात्रपाळी असते. ती दुपारी झोपते तेव्हा आम्ही अंगणात आरडाओरडा करतो. आता करणार नाही.’ मला हा निबंध फार आवडला.

पालकहो, तुमच्या घरी कुणी मावशी येत असतील तर पाचही प्रश्न आधी तुम्ही विचारून बघा. मुलं ऐकत असतात.

आणि त्या मुलीला तिचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. ती शाळेच्या कार्यक्रमाला येते, पाया पडते. वहीतला तो प्रश्न तिला आठवतो की नाही, माहीत नाही. हा लेख तिला वाचायला देणार आहे.