दुपारचा गिअर

उन्हं कलायला लागली की अंबडकडून जालन्यात शिरताना आमच्या जुन्या गाडीचं काहीतरी बिनसतं. रोज नाही. आठवडा आठवडा ती सुरळीत चालते, आणि मग एखाद्या दुपारी अंबड चौफुलीला थांबून पुन्हा निघताना जागची उठतच नाही. इंजिनाचा आवाज चढतो, काटा वर जातो, गाडी मात्र जडपणे रेटत राहते. मागून टेम्पोवाले हॉर्न मारायला लागतात. बाजूला घेऊन चावी बंद करायची, मिनिटभर थांबून पुन्हा फिरवायची, की सगळं जिथल्या तिथे.

ही ऑटोमॅटिक गाडी घेतली ती आमच्या अण्णांच्या डाव्या गुडघ्यासाठी. गुडघा झिजला आणि क्लच दाबणं होईना. शेतावर जायचं तर कुणाच्या तरी सवडीनं जायचं, हे अण्णांना मानवणारं नव्हतं. क्लचचं पेडल नसलेली गाडी दारात आली आणि मोसंबीची बाग पुन्हा त्यांच्या हाती आली. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मानांकनाला पाणी द्यावं लागत नाही, झाडाला लागतं. आंबे बहाराची फळं ऐन उन्हाळ्यात झाडावर असतात. ज्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची असते त्या आठवड्यात मोटार चालू करायला भर उन्हात निघावंच लागतं. पारा चाळिशीच्या पुढे गेलेला, आणि त्याच वेळी गाडी दगा देणार. म्हणून या बिघाडाचा छडा लावणं आमच्या घरात महत्त्वाचं झालं.

सल्ले पुष्कळ मिळाले. जालना हे भंगार वितळवून सळई करणारं गाव. इथे इंडक्शन भट्ट्या धगधगत असतात आणि जुन्या लोखंडाचं काय करायचं हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. ‘अण्णा, पंधरा वर्षं वापरली, आता द्या ना भंगारात,’ असं शेजारी अगदी मायेनं सांगतात. मला ते पटत नाही. नोंदणी आम्ही पुढच्या पाच वर्षांसाठी रीतसर करून घेतली आहे. लोखंड भट्टीत टाकायला कधीही टाकता येतं. त्याआधी त्याचं दुखतं कुठे, एवढं तरी विचारायला हवं. एका गॅरेजनं मात्र न विचारताच सांगून टाकलं की गिअरबॉक्स उतरवावा लागेल. त्या खर्चात अर्धी गाडी आली असती.

या गिअरबॉक्सबद्दल वाचायला लागले आणि त्यात गुंतून गेले. जागेवरून निघताना इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये घट्ट जोड असा नसतोच. असतं ते तेल. दोन पंखे समोरासमोर ठेवावेत, एक लावावा आणि त्याच्या वाऱ्यानं दुसरा फिरावा, तशी ही रचना, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. हेरमान फॉटिंगर या जर्मन अभियंत्यानं 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी, वाफेच्या टर्बाइनची ताकद पंख्यापर्यंत पोहोचवायला. मोटारगाडीत पूर्ण ऑटोमॅटिक गिअर मोठ्या प्रमाणावर आले ते 1940 च्या ओल्ड्समोबिल गाड्यांपासून. समुद्रासाठी सुचलेली युक्ती मराठवाड्याच्या उन्हात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा गुडघा सांभाळते आहे, हे मला फार सुंदर वाटतं.

आमच्या चार गिअरच्या बॉक्समध्ये कोणता गिअर कधी पडायचा ते छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याच्या हुकमानं सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपा, उघडतात-मिटतात, तेलाची वाट बदलते आणि गिअर बदलतो. एखाद्या सोलेनॉइडचा किंवा सेन्सरचा संपर्क तुटला, तर कॉम्प्युटर जोखीम घेत नाही. तो तिसरा गिअर धरून बसतो, म्हणजे माणूस हळूहळू का होईना घरी पोहोचावा. चौफुलीवर आम्हाला जाणवणारा जडपणा तो हाच: थांबलेली गाडी थेट तिसऱ्यावर उठायला बघते. चावी बंद करून फिरवली की तपासणी नव्यानं होते, आणि तेवढ्यात संपर्क जुळलेला असला तर गाडी पुन्हा पहिल्यापासून निघते.

शेवटी ज्यांच्याकडे गेलो ते उस्ताद कमी बोलणारे. सकाळी गाडी नेली तर त्यांनी बॉनेटही उघडलं नाही. ‘अण्णा, बिघाड दुपारी येतो ना? मग दुपारीच आणा. शेतावरून थेट इकडे या, गाडी बंद करू नका.’ मग प्रश्न सुरू झाले. एसी चालू होता का? किती वेळ चालवल्यावर? चढावर की सपाटीला? बॅटरी कधी बदलली? पावसात कधी झालं? मी वहीत टिपत गेले आणि टिपता टिपता एक गोष्ट वर आली. गाडी धुऊन आणल्यावर, इंजिन थंड असतानाही, एकदा हेच झालं होतं. उस्ताद त्या ओळीपाशी थांबले. गिअरबॉक्सच्या आतली झिजलेली क्लच प्लेट रोज घसरते, दिवसेंदिवस जास्त घसरते. ती चावी फिरवून ताळ्यावर येत नाही आणि पाण्याला घाबरत नाही. पाण्याला घाबरते ती वीज.

तरी त्यांनी आधी तेलच पाहिलं. गाडी सपाटीवर, इंजिन गरम आणि चालू, गिअरचा दांडा प्रत्येक खाचेतून एकदा फिरवून आणलेला. मग कांडी पुसून पुन्हा बुडवली. पातळी बरोबर होती. एक थेंब पांढऱ्या कागदावर ठेवला आणि आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. तो सावकाश पसरला. लाली उतरून तपकिरीकडे झुकलेली, पण जळका वास नव्हता, आणि कागद उन्हात तिरपा धरला तरी लोखंडाची चकाकी कुठे दिसेना.

मग मल्टिमीटर. सोलेनॉइडमध्ये तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, आणि तांब्याच्या तारेचा रोध दर अंशामागे साधारण 0.4 टक्क्यानं वाढतो. वीस अंशांना दहा ओहम दाखवणारी गुंडाळी शंभर अंशांना तेरा दाखवणारच. तो दोष नव्हे. गिअरबॉक्सवरच्या कनेक्टरपाशी मोजलं तेव्हा गरम सोलेनॉइडचे आकडे असेच शहाणे आले. तेच कॉम्प्युटरच्या टोकाकडून मोजताना उस्तादांनी वायरिंगची जुडी बोटांनी जराशी वाकवली, आणि आकडा उडाला. सोडली, परत आला. वाकवली, पुन्हा उडाला. अण्णा काठी टेकून पुढे सरकले. ‘म्हणजे बॉक्स बरा आहे?’ त्यांनी विचारलं. ‘बॉक्सला हात लावायचा नाही,’ उस्ताद म्हणाले.

कनेक्टर उघडला तर रबरी सील उन्हानं कडक होऊन चिरलेलं, आणि एका पिनेवर हिरवट कळंक चढलेला. खिळ्याच्या टोकाएवढी ती पिन. उष्णतेनं जरा सैल झाली की संपर्क तुटायचा, ओल लागली तरी तुटायचा. उस्तादांनी पिन बदलली, सील नवं बसवलं, जुडी क्लिपेत नीट अडकवली. तेलही बदलून घ्यायला सांगितलं, मात्र एकदम सगळं नको, थोडं थोडं करून.

‘आता झाली ना दुरुस्त?’ असं मी विचारलं तर ते हो म्हणाले नाहीत. अधूनमधून येणारा बिघाड गेला हे एका फेरीत कळत नाही, मे महिना उतरू द्या, वही चालू ठेवा, एवढंच म्हणाले. पुढच्या आठवड्यात लाईट पुन्हा दिवसाची आहे. अण्णांनी ठिबकच्या नळ्या आधीच डिकीत टाकून ठेवल्या आहेत.