मायची पोत आणि करंजाची होडी

फैजपूरचं नाव काढलं की जुनी माणसं १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाची गोष्ट सांगतात. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, पंडित नेहरू अध्यक्ष. त्यानंतरची माणसं केळीचं बोलतात. आमच्या गावाचा आणि नावेचा संबंध कोणी लावत नाही. लावणार तरी कसा? समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तापी आहे, पण तीही गावाला लागून नाही. तरी आमच्या घरातली सगळ्यात मोठी खरेदी कोणती, असं कोणी विचारलं तर मी सांगतो, नाव. आणि तीही जुनी, दुसऱ्यानं वापरलेली.

आम्ही भोई. आजा तापीत उतारूंना अलीकडून पलीकडे सोडायचा. १९८२ साली हतनूरचं धरण पुरं झालं. एक्केचाळीस दरवाजांचं लांबलचक धरण. पाणी मागं पार चांगदेवकडं, तापी-पूर्णेच्या संगमाकडं फुगलं, तसे आमचे बापू त्या फुगवट्यात मासे धरू लागले. कटला, रोहू, मृगल, कधी शिंगाडा. पहाटे सायकलला जाळं बांधून सावद्यावरून हतनूरकडं जायचं, दुपारपर्यंत परतायचं, आणि मायनं पाटी घेऊन फैजपूरच्या बाजारात बसायचं. असा आमचा संसार.

नाव मात्र नव्हती. आजाचा डोंगा केव्हाच कुजला होता. बापू आणि माझा धाकटा काका ट्रकच्या जुन्या ट्यूबवर बसून जाळं टाकायचे. दोन ट्यूबा फुगवायच्या, वर बांबूची चौकट आवळायची, तीवर मांडी घालून बसायचं आणि दोन्ही हातांत फळीचे तुकडे घेऊन पाणी कापायचं. कोणी थर्माकोलचे ठोकळे पोत्यात शिवून त्यावर बसायचे. आजही राज्यातल्या कितीतरी धरणांवर अशीच मासेमारी चालते.

धरण भरलं तेव्हा काठची बाभळीची झाडं तशीच पाण्याखाली गेली. त्यांची खोडं आणि काटे वरून दिसत नाहीत. १९९७ च्या पावसाळ्यात काकाच्या ट्यूबला असाच काटा लागला. काका पट्टीचा पोहणारा, पण पाय स्वतःच्याच जाळ्यात अडकले. तिसऱ्या दिवशी सापडला.

दिवस झाल्यावर माय बापूंना एवढंच म्हणाली, "आता तुम्हाले ट्यूबवर बसू देनार नाही. नाव घ्या."

"पैसे कुठून आनू?"

तिनं गळ्यातली पोत काढून पाटावर ठेवली. दोन तोळ्यांची. सराफानं घट-तूट धरून साडेसात हजार दिले. मी तेव्हा बावीस वर्षांचा, केळीच्या गाड्या भरायला जायचो. माझे तीन हजार साठले होते. झाले साडेदहा.

आता नाव कुठं मिळणार? आमच्या भागात लाकडाची नाव बांधणारे हात राहिले नव्हते. वाट दाखवली ती केळीनं. आमच्याकडून केळीचा ट्रक वाशीच्या बाजारात जायचा आणि परतीला बऱ्याचदा रिकामा यायचा. त्या ट्रकचा ड्रायव्हर सावद्याचा, बापूंच्या ओळखीचा. तो न्हावा-शेव्याकडच्या खेपाही करायचा. तो म्हणाला, "काका, उरणजवळ करंजा नावाचा कोळीवाडा हाये. पावसाळ्याआधी तिथं नावा विकाले निघतात. सोबत चला. येताना गाडीत टाकून आनू. डिझेलचे सहाशे देजा."

मे १९९८. केळीच्या घडांवर पानं अंथरून आम्ही बापलेक निजलो. भुसावळ, जळगाव, धुळं, मालेगाव, नाशिक, कसारा. वाशीला माल उतरला आणि दुपारी करंजाला पोचलो. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो असा, ओहोटीचा. सगळा चिखल, आणि चिखलात कलंडलेल्या नावा. मागं द्रोणागिरीचा डोंगर.

धक्क्यावर पोचताच एका दलालानं हेरलं. त्यानं बावीस फुटी लाकडी नाव दाखवली. निळा-पिवळा ताजा रंग, मागं छोटं इंजिन, किंमत दहा हजार. आमच्या खिशात बसणारी! माझं तर तिथंच ठरलं. हतनूरच्या पाण्यावर अशी नाव धडधडत फिरली म्हणजे सगळे भोई बघत राहतील. मी बापूंच्या कानात म्हणालो, "घेऊन टाका. इंजिनसकट कोन देईल?" बापू नावेभोवती दोनदा फिरले. कोणतंही जनावर विकत घेताना ते असेच गप्प व्हायचे.

शेजारी एक म्हातारा नाखवा जाळं विणत बसला होता. त्यानं विचारलं, "कुठले तुमी?" खानदेशातले, धरणावर मासे मारतो, हे ऐकून त्याला गंमत वाटली. मग त्यानं विचारलं, "तुमच्याकरं ऊन किती?" बापू म्हणाले, "मे महिन्यात पंचेचाळीस." म्हातारा दलालाकडं बघून नुसता हसला. दलाल दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेल्यावर त्यानं खुलासा केला. लाकडाची नाव पाण्यात असते तोवर फळ्या फुगलेल्या असतात आणि सांधे घट्ट बसतात. सांध्यात कापूस ठासलेला, वर राळ आणि तेल. ती उन्हात साडेचारशे किलोमीटर नेली की फळ्या आवळतात आणि सांधे उघडे पडतात. काठाला बुडवून ठेवली तर पुन्हा फुगतील, पण धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागं हटतं, तेव्हा नाव चिखलावर पडून परत वाळणार. दरवर्षी सांधे भरणारा माणूस तुमच्याकडं आहे का? नव्हता.

"माजी होरी हाय इकायची," तो म्हणाला. "फायबरची. पन आधी माजा टॉलर बघा."

त्याचंही ते वर्ष खरेदीचंच होतं. जन्मभर डोल जाळ्यावर काढून त्यानं मुलासाठी पहिला ट्रॉलर घेतला होता. जुनाच. नव्याला पैसा कुठला? त्यासाठी राहतं घर गहाण टाकलं होतं. होडी विकून येणारे पैसे ट्रॉलरच्या इंजिनकामाला लागणार होते. ट्रॉलर म्हणजे समुद्राच्या तळावरून जाळं ओढत नेणारी नाव. दोन जड पाट जाळ्याचं तोंड ताणून धरतात, आणि ते सगळं ओझं ओढायचं इंजिनानं. म्हणून इंजिन फसलं की माणूस फसला.

ओहोटीत उभा असलेला तो ट्रॉलर त्यानं आम्हाला बुडापासून दाखवला, आणि स्वतः घेताना काय काय बघितलं तेही सांगितलं. नाव बघायला जायचं ते ओहोटीलाच. भरतीला मालक नुसता रंग दाखवतो. पाण्याच्या रेघेपाशी टोच्या दाबून बघायचा, आत गेला तर फळी कुजली. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो. त्याचं भोक बाहेरून टाचणीएवढं, आतून बोटाएवढं. इंजिनाला आधी हात लावायचा. गरम असेल तर परत फिरायचं, कारण थंड इंजिन सुरू होत नाही म्हणून मालकानं आधीच तापवून ठेवलंय. ऑइलची पट्टी काढून बघायची. ऑइल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. पंख्याचा दांडा हातानं हलवायचा, तो खुळखुळायला नको. मग एक रात्र नावेवर निजायचं आणि सकाळी तळात किती पाणी साठलं ते बघायचं. नाव कोरडी करून दाखवतात, पण रात्रभर कोरडी ठेवता येत नाही. शेवटी कागद. नोंदणी, परवाना, कुणाचं कर्ज, सोसायटीच्या डिझेलची बाकी. आणि सगळे पैसे किमतीत घालायचे नाहीत. जुन्या नावेची दुसरी किंमत घरी गेल्यावर द्यावी लागते.

"येवरं करूनपन एक गोष्ट चुकली," तो म्हणाला. इंजिन नुसतं धक्क्यावर चालवून बघितलं होतं, जाळं ओढून नाही. ओझं पडल्यावर काळा धूर आला, आणि कामात पैसे गेले. हे सांगताना त्याला लाज वाटत नव्हती. मला तेव्हा त्याचं नवल वाटलं. आमच्या गावात फसलेला माणूस फसलो म्हणत नाही.

मग त्याची होडी बघितली. सोळा फुटी, बुड बरंच सपाट, रंग उडालेला. माझं तोंड पडलं. ती नावेपेक्षा गुरांच्या हौदासारखी दिसत होती. बापूंनी गुडघ्यावर बसून बुडाला बोटाच्या पेराने टकटक केली, मडकं बघतात तशी. एके ठिकाणी आवाज बद्द आला. बापूंनी वर बघितलं, तोवर नाखव्यानंच बसायची फळी बाजूला सारली. आत हातभर लांब ठिगळ होतं.

"धक्क्यावर आपटलेली. हितं फुटेल तर फुटेल, दुसरीकरं नाय. ह्यावर नजर ठेवा."

बापूंनी आणखी काही विचारलं नाही. अकरा सांगितले होते, आठ हजारांवर तुटलं. रात्री आम्ही त्या होडीतच निजलो, भरती आल्यावर ती तरंगू लागली. सकाळी तळाला ओंजळभर पाणी होतं, दवाचं म्हणावं इतकं. मी मात्र अजून घुश्शात होतो. बापू म्हणाले, "आपल्या पान्यात खोडं हायेत, गाळ हाये, धक्का नाही. खोल बुडाची नाव तिथं टेकनार. इंजिनाले डिझेल लागन ते येगळं. त्याची नाव त्याच्या पान्यासाठी चांगली. आपलं पानी पाह्य."

साडेदहातून आठ गेले, सहाशे डिझेलचे. उरलेल्यातून बापूंनी मुंबईत फायबरचं कापड, रेझीन आणि वल्ह्यासाठी लाकूड घेतलं. मी म्हटलं, मायची पोत पूर्ण नाही तरी थोडी परत आली असती. ते म्हणाले, "नाखवा काय म्हनला, इसरला का?"

ट्रकमधून होडी उतरली तेव्हा गल्लीतली पोरं आत बसून खेळली. मोठी माणसं हसली. "भोयानं हौद आनला," असंही झालं. बापूंनी बुडाला दोन थर चढवले, पण ठिगळाच्या जागी आतून लाल रंगाची चौकट काढली. विचारलं तर म्हणाले, "दिसली पाह्यजे."

त्या चौकटीची किंमत दुसऱ्या पावसाळ्यात कळली. आम्ही दोघं जाळं काढत होतो. वारा सुटला, लाटा उठल्या आणि होडी वाहत जाऊन बाभळीच्या खोडावर आपटली. नेमकी ठिगळावर. पाणी धारेनं आत आलं. मी घाबरून कुठून येतंय ते शोधायला लागलो, तोवर बापूंनी फळी सारून लाल चौकटीवर डोक्याचं उपरणं कोंबलं, वर पाय रोवून उभे राहिले आणि ओरडले, "तू वल्हव!" काठ गाठायला अर्धा तास लागला असेल. घोट्याएवढं पाणी आत, मासे त्यात पोहत होते. काठावर आल्यावर बापूंचे हात थरथरत होते. काकाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

आता विचार करतो, दलालाची ती रंगवलेली नाव असती तर? कदाचित फुटलीही नसती. पण फुटली असती तर कुठं हात ठेवायचा ते आम्हाला ठाऊक नसतं. नव्या वस्तूचे दोष तिलाच माहीत नसतात. जुनीचे कोणाला तरी माहीत असतात, आणि तो माणूस ते सांगेल की नाही यावरच सगळा व्यवहार असतो. आम्ही आठ हजारांत फायबर घेतलं, ते ठिगळ त्यानं फुकट दाखवलं. पण जीव वाचला तो ठिगळ माहीत होतं म्हणून.

करंजाला पुन्हा जाणं झालं नाही. हल्ली पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बातमीत किनाऱ्याला लागलेले ट्रॉलर दाखवतात तेव्हा मी त्या म्हाताऱ्याचा ट्रॉलर शोधतो. त्याच्या इंजिनात कुठंतरी आमच्या मायची पोत आहे.

होडी आमच्याकडं तेरा वर्षं राहिली. तिच्यावर बहिणीचं लग्न झालं, मायला एक तोळ्याची का होईना पोत झाली. २०११ ला बापूंच्या गुडघ्यांनी नकार दिला, मी किराणा दुकानात लागलो होतो, आणि ऐनपूरकडचा एक पोरगा होडी बघायला आला. ट्यूबवर बसणारा. त्यानं बाहेरून बघितली, म्हणाला, "चांगली हाये, भाऊ. किती?" मी पाच हजार सांगितले आणि बसायची फळी सारली. लाल चौकट पुसट झाली होती. सगळं सांगितलं. त्यानं खाली हात घालून चाचपलं आणि लगेच पाचशे कमी करा म्हणाला. मी केले.

घरी पैसे मायच्या हातात दिले. तिनं मोजले.

"पाच म्हने होतास ना?"

"ठिगळ दाखवलं."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि पैसे डब्यात ठेवून भाकरी थापायला बसली.