याचा भाऊ कुठाय?

मला सापडलेलं पहिलं आर्सेनिक शिसं निघालं.

जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या एका शेडमागची माती होती. एक्स-रे फ्लुओरेसन्स यंत्राच्या पडद्यावर 10.5 किलो इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी ताडासारखं शिखर उभं राहिलं. सॉफ्टवेअरनं त्यावर आर्सेनिकचं नाव चिकटवलं आणि मी ते वहीत उतरवलंही. आमच्या प्रयोगशाळेतल्या ज्येष्ठ बाई मागून डोकावल्या. "याचा भाऊ कुठाय?"

कुठलंच मूलद्रव्य एकटं बोलत नाही. आर्सेनिकचं मुख्य शिखर 10.54 वर आणि शिशाचं 10.55 वर, एवढा फरक आमच्या डिटेक्टरला कळणं अशक्य. पण आर्सेनिकचं दुसरं शिखर 11.73 वर, बुटकं. शिशाचं 12.61 वर, पहिल्याच्या जवळपास तोलाचं. माझ्या आलेखात 12.61 दिमाखात उभं होतं, 11.73 ला सपाट मैदान. आर्सेनिक चिमूटभर असेलही, पण शिशाच्या एवढ्या गर्दीत त्याचा आकडा देणं म्हणजे थाप मारणं.

यंत्र काही मिनिटांत उत्तर देतं, त्याआधी दोन दिवस मातीचे. 105 अंशांवर वाळवायची. पारा मोजायचा असेल तर मात्र नाही, तो उडून जातो. मग दळण. टंगस्टन कार्बाइडची गिरणी झटपट दळते, पण जाता जाता टंगस्टन आणि कोबाल्ट मातीत सोडते. म्हणून आम्ही अकीकाचा खल घेऊन बसतो. हात भरून येतात, पण वस्त्रगाळ करावीच लागते. हलक्या मूलद्रव्यांची किरणं वरच्या काही मायक्रॉनमधूनच बाहेर पडतात; कण जाड राहिला तर यंत्राला फक्त त्याची साल दिसते. शेवटी खाली बोरिक अ‍ॅसिडची बैठक (कॅरमवर टाकतात तीच पावडर) आणि 20 टनांचा दाब. पेलेटची कड चिरली की पुन्हा पहिल्यापासून.

बाईंचा भावाचा नियम मी वर्षानुवर्षं पाळला. आपल्या काळ्या मातीनं तो मोडला. दख्खनच्या बेसाल्टमुळे तिच्यात टायटॅनियम भरपूर आणि त्याचं दुसरं शिखर 4.93 वर, व्हॅनेडियमच्या 4.95 ला खेटून. मग व्हॅनेडियमचा भाऊ शोधावा, तर तो 5.43 वर, आणि तिथं 5.41 ला क्रोमियम आधीच ठाण मांडून बसलेलं.

शेवटी शुद्ध टायटॅनियम ऑक्साइडची पेलेट करून यंत्रात ठेवली. त्यात व्हॅनेडियम नव्हतंच, तरी यंत्रानं आकडा दिला. आता काळ्या मातीच्या प्रत्येक मोजणीतून टायटॅनियमच्या हिशेबानं तो वजा करतो.